गच्चीवरचं सोलर आणि कार्बनचा हिशेब: ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांचे नेहमीचे प्रश्न

सोसायटीच्या सभेत सोलरचा विषय निघाला की पैशांचे प्रश्न लगेच येतात आणि त्यांची उत्तरं वेंडरकडे तयार असतात. ‘यानं प्रदूषण खरंच किती कमी होतं?’ या प्रश्नावर मात्र झाडांची चित्रं असलेलं एक पान दाखवून विषय संपवला जातो. हा प्रश्न त्याहून जास्त वेळ देण्याच्या लायकीचा आहे. खालची उत्तरं सेक्रेटरी, खजिनदार आणि गच्चीवर जाऊन स्वतः मीटर बघणाऱ्या सभासदांसाठी आहेत.

एक किलोवॅट सोलर बसवलं तर वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड वाचतो?

ढोबळमानानं एक टन. हा आकडा कसा येतो ते एकदा समजून घ्या, म्हणजे पुढे कोणी काहीही सांगितलं तरी तुम्हाला पडताळून बघता येईल.

ठाणे-नवी मुंबईच्या हवेत, सावली नसलेल्या आणि वेळच्या वेळी धुतल्या जाणाऱ्या एक किलोवॅट पॅनलमधून वर्षाला साधारण १,४०० युनिट वीज मिळते. मार्च ते मे दिवसाला पाच युनिटांच्या आसपास, जुलैत अडीच, आणि सलग चार दिवस झड लागली तर एखादंच. वर्षभराची सरासरी दिवसाला चार युनिटांच्या जरा खाली बसते.

दुसरा आकडा ग्रिडचा, म्हणजे वीजकेंद्रं आणि घरं यांना जोडणाऱ्या वाहिन्यांच्या जाळ्याचा. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी भारतीय ग्रिडच्या सरासरी उत्सर्जनाचा आकडा काढतं. अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास आहे. १,४०० गुणिले ०.७२ म्हणजे १,००८ किलो. वीजवाहिन्यांमधली गळती धरली तर आकडा आणखी वाढतो, कारण घरातलं एक युनिट वाचवणं म्हणजे वीजकेंद्रातलं एकापेक्षा थोडं जास्त वाचवणं. पण सभेत सांगायला एक टनच धरा. सावध आकडा नंतर बदलावा लागत नाही.

आपली वीज महाराष्ट्रातली. मग देशाचा आकडा कशाला?

कारण ग्रिड एकच आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं गेलं. तेव्हापासून देशभर एकाच लयीत वीज वाहते. घोडबंदर रोडवरचं तुमचं मीटर फिरतं तेव्हा त्यात चंद्रपूरचा कोळसा असतो, कोयनेचं पाणी असतं, उरणचा गॅस असतो आणि साताऱ्याच्या पठारावरचा वाराही असतो. त्यातलं तुमचं युनिट कुठलं हे वेगळं काढता येत नाही, म्हणून सरासरी.

तुमचा पुरवठा महावितरणचा असो किंवा कळवा-मुंब्रा-शीळ पट्ट्यातल्या टोरंट पॉवरचा, या हिशेबात फरक पडत नाही.

एका युनिटला पाऊण किलो वायू? कोळसाच तेवढा लागत नसेल!

ही शंका रास्त आहे. आपल्याकडच्या कोळशावर एक युनिट वीज बनवायला साधारण ६५० ते ७०० ग्रॅम कोळसा लागतो, आणि त्यातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड भरतो एक किलोच्या आसपास. धूर कोळशापेक्षा जड, कारण जळताना कोळशातला कार्बन हवेतला ऑक्सिजन सोबत घेतो. १२ किलो कार्बन जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. आपला कोळसा राखेनं भरलेला असल्यामुळे सगळं वजन कार्बनचं नसतं, नाहीतर आकडा याहून मोठा झाला असता.

०.७२ ही कोळशाच्या या एक किलोची आणि जलविद्युत, अणुऊर्जा, पवन, सौर यांच्या जवळजवळ शून्याची मिळून झालेली सरासरी आहे.

पॅनल बनवतानाही कोळसा जळतोच ना?

जळतो, आणि तो हिशेबात धरायलाच हवा. सिलिकॉन शुद्ध करण्याच्या भट्ट्यांना प्रचंड वीज लागते. शिवाय काच, ॲल्युमिनियमच्या फ्रेम, लोखंडी स्टँड हे सगळंच आलं. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीनं २०१४ च्या अहवालात संपूर्ण आयुष्याचा हिशेब मांडून जे मध्यम आकडे दिले, ते प्रतियुनिट असे: कोळसा ८२० ग्रॅम, गॅस ४९०, छतावरचं सोलर ४१, जमिनीवरचा पवन ११, अणुऊर्जा १२. आपल्याकडची जुनी कोळसा केंद्रं त्या ८२० च्याही वर आहेत.

४१ ग्रॅमचा अर्थ आपल्या गच्चीवर असा लागतो: २५ वर्षांत एक किलोवॅटमधून ३५,००० युनिट धरले तर बनवण्या-बसवण्याचा बोजा सुमारे १,४०० किलो. वर्षाला एक टन वाचत असेल तर दीड वर्षाच्या आत तो फिटतो. पुढची साडेतेवीस वर्षं निव्वळ बचत. पॅनल दरवर्षी थोडे थोडे मंदावतात (पहिल्या वर्षी दोन टक्क्यांपर्यंत, नंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास), तरी या निष्कर्षाला धक्का लागत नाही.

मग देशात एवढं सोलर लागूनही उत्सर्जन घटत का नाही?

या विषयातला सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून थोडं सविस्तर.

बातम्यांत येतात ते मेगावॅट. हवेत जाणारा धूर मात्र युनिटांवर ठरतो. २०२५ च्या मध्यावर देशाच्या एकूण स्थापित क्षमतेत बिगर-जीवाश्म इंधनांचा वाटा निम्म्यावर पोहोचला. बातमी खरी होती, पण त्या वेळीही प्रत्यक्ष विजेतला सर्वांत मोठा वाटा कोळशाचाच होता. कारण साधं आहे. कोळशाचा एक मेगावॅटचा संच वर्षातला दोन-तृतीयांश काळ पूर्ण भाराइतका चालला तर ५८ लाखांच्या आसपास युनिट देतो. आपल्या छतावरचा एक मेगावॅट देतो १४ लाख. एका मेगावॅट कोळशाची जागा घ्यायला चार मेगावॅट सोलर लागतं, आणि तेही फक्त दिवसा.

दुसरं कारण मागणी. एसी वाढले, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात डेटा सेंटर उभी राहिली, मेट्रो आली. नव्या सोलरचा मोठा भाग ही वाढ भागवण्यातच खर्ची पडतो. त्यामुळे कोळशाची वाढ मंदावते, पण तो लगेच मागे हटत नाही. सोलर नसतं तर धूर आजच्याहून बराच जास्त असता हे खरं. पण ‘नसता तर’ची बचत आणि प्रत्यक्ष घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हींना एकच नाव देऊ नये.

तिसरं कारण तांत्रिक आहे. कोळशाचा संच दिव्यासारखा चालू-बंद करता येत नाही. दुपारी सोलर भरपूर असतं तेव्हा संच हळू चालवतात, पण सहसा ५५ टक्क्यांच्या खाली नेत नाहीत, कारण संध्याकाळी सात वाजता तोच लागणार असतो. हळू चालणारा संच प्रतियुनिट जास्त कोळसा खातो. वरच्या गियरमध्ये रेंगाळणाऱ्या ट्रकसारखं. त्यामुळे बचतीचा थोडा भाग तिथे जिरतो.

आमचं बिल शून्य आलं. म्हणजे सोसायटी कार्बनमुक्त झाली?

नाही. नेट मीटरिंग (बाहेर दिलेली वीज बाहेरून घेतलेल्या विजेतून वजा करून बिल काढणं) हा पैशांचा हिशेब आहे, त्यात वीज साठवली जात नाही. दुपारी जास्तीची वीज बाहेर जाते ती शेजारच्या इमारतीत, त्याच ट्रान्सफॉर्मरवर, तेव्हाच वापरली जाते. रात्री तुमची लिफ्ट ग्रिडवरच चालते, आणि रात्रीच्या ग्रिडमध्ये कोळसा जास्त असतो. संध्याकाळच्या चढाला कोयनेसारखी १,९६० मेगावॅटची जलविद्युत व्यवस्था मोठा आधार देते, पण धरणात पाणी असतं तेवढंच.

आज दुपारचं निर्यात केलेलं युनिट आणि रात्रीचं आयात केलेलं युनिट यांचा कार्बन फार वेगळा नाही, म्हणून वार्षिक वजाबाकी ढोबळमानानं चालते. पण दुपारी सोलरची गर्दी होत जाईल तसतसं दुपारच्या युनिटाचं मोल उतरत जाईल. पंप, वॉशिंग मशीन, गाडीचं चार्जिंग सकाळी ९ ते संध्याकाळी ५ मध्ये आणायची सवय म्हणूनच आत्ता लावून घ्यावी. २०२५ मध्ये स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना याच वेळेतल्या वापरावर दरसवलत सुरू झाली, त्यामागे हेच गणित आहे.

मग वाचलेला कार्बन मोजायचा कसा? बिलात तर काहीच दिसत नाही.

बिलावरून मोजू नका. बिलात आयात आणि निर्यात दिसते, पण गच्चीवर तयार होऊन थेट लिफ्ट-पंपात वापरली गेलेली वीज त्यात कुठेच येत नाही. ती मीटर रूममधल्या जनरेशन मीटरवर दिसते.

समजा महिन्यात जनरेशन मीटर २,४०० युनिट पुढे गेला. निर्यात ९०० आणि आयात १,०००. बिल निव्वळ १०० युनिटांचं येईल. थेट वापरलेली वीज २,४०० वजा ९०० म्हणजे १,५००, आणि सोसायटीचा खरा वापर १,५०० अधिक १,००० म्हणजे २,५०० युनिट. वाचलेला कार्बन मात्र पूर्ण निर्मितीवर धरायचा: २,४०० गुणिले ०.७२, म्हणजे १,७२८ किलो. वॉचमनच्या रजिस्टरमध्ये दर महिन्याच्या एक तारखेला तीनही आकडे लिहून ठेवायला सांगा. इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राच्या) ॲपवर विसंबू नका. वायफाय गेलं की महिनाभराची नोंद जाते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

झाडांत रूपांतर करायचं टाळा. झाड किती कार्बन घेतं हे जात, वय आणि जागेवर ठरतं. टन हे माप स्वच्छ आहे.

सोलरच्या आधी काही करण्यासारखं आहे का?

आहे, आणि ते आधीच करावं. वीस किलोवॅटची गरज पंधरावर आली तर पाच किलोवॅटचे पॅनल बनवण्याचाही कार्बन वाचतो.

सुरुवात पंपापासून करा. हजार लिटर पाणी तीस मीटर उंच चढवायला शुद्ध भौतिकशास्त्रानुसार ०.०८ युनिट लागतं. मोटर-पंपाची एकत्रित कार्यक्षमता ४५ टक्के असेल तर ०.१८. शंभर घरांची सोसायटी रोज ६०,००० लिटर चढवत असेल तर ११ युनिट. आता तुमच्या पंपाची नोंद बघा: पंप किती तास चालला, मीटर किती सरकला, टाकी किती भरली. रोजचा आकडा १८-२० येत असेल तर इंपेलर (पंपातलं पाणी ढकलणारं चाक) झिजलाय, फूट व्हॉल्व्ह (शोषण पाइपच्या तळाची झडप) गळतोय किंवा ओव्हरफ्लोचं पाणी परत खाली जातंय. रोजचे आठ युनिट वाचले तर वर्षाला २,९०० होतात. दोन किलोवॅट सोलरइतकं काम, एका दुरुस्तीत.

घरात पंखे. जुना पंखा ७५ वॅटचा, कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा बीएलडीसी २८ ते ३०. चार पंखे दिवसाला बारा तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर साडेसहाशेपेक्षा जास्त युनिट वाचतात, म्हणजे सुमारे पावणेपाचशे किलो कार्बन. अर्धा किलोवॅट सोलर छतावर न चढवता घरातच मिळालं म्हणा ना.

गॅस सोडून इंडक्शनवर गेलो तर कार्बन कमी होईल?

आजच्या ग्रिडवर, नाही. उत्तर अनेकांना पटत नाही, म्हणून आकडे मांडतो.

१४.२ किलोचा सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. त्यात १८० युनिटांइतकी उष्णता असते आणि साधारण ६० टक्के भांड्याला लागते, म्हणजे १०९ युनिट. तेवढीच उष्णता ८५ टक्के कार्यक्षमतेच्या इंडक्शननं द्यायला १२८ युनिट वीज लागेल. गुणिले ०.७२, म्हणजे ९२ किलो. गॅसच्या दुपटीहून जास्त! पाइप गॅसचा कार्बन एलपीजीपेक्षाही कमी, त्यामुळे तिथे फरक आणखी वाढतो. ग्रिड युनिटमागे एक-तृतीयांश किलोच्या खाली आलं की इंडक्शन सिलिंडरवर मात करतं. स्वयंपाकघरातली हवा स्वच्छ राहते, सिलिंडर संपण्याची चिंता नसते, ही कारणं इंडक्शनसाठी चांगली आहेत. ती त्याच नावानं सांगावीत.

पाणी तापवण्याचंही असंच. विजेचा गीझर हा घरातला सर्वांत वाईट सौदा: कोळसा जाळून उष्णता, त्यातून वीज, आणि विजेतून पुन्हा उष्णता. सौर जलतापक इथे थेट मात करतो. १०० लिटरचा संच वर्षाला पंधराशे युनिटांपर्यंत वाचवू शकतो. आपल्याकडे थंडी कमी असल्यानं प्रत्यक्षात त्याहून कमी, पण तरी भरीव. ठाणे महापालिकेनं नव्या इमारतींना सौर जलतापन बंधनकारक केलं, आणि त्यातले बरेच संच आज गच्चीवर नुसते उभे आहेत. कारणं ठरावीक: बोअरच्या पाण्यानं नळ्यांत साचलेला क्षार, फुटलेल्या व्हॅक्यूम नळ्या, आणि खालच्या मजल्यापर्यंत गरम पाणी यायला दोन बादल्या थंड पाणी वाया जाणं. पहिले दोन दोष प्लंबर आणि नव्या नळ्यांनी सुटतात. तिसऱ्याला उष्णतारोधक वेष्टन आणि गरम पाण्याचा फिरता पाइप लागतो. वीज बनवणारे (फोटोव्होल्टाइक) पॅनल घेण्याआधी हा बंद पडलेला संच चालू करा. तुमच्याच गच्चीवर, पैसे भरून झालेली बचत आहे ती.

इलेक्ट्रिक स्कूटर?

फायद्याची. चार्जिंगमधली गळती धरून किलोमीटरला ०.०३५ युनिट, म्हणजे २५ ग्रॅम. ४५ किलोमीटरचं मायलेज देणारी पेट्रोल स्कूटर ५० ग्रॅमच्या पुढे, कारण एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. मोटारीत फरक कमी आहे: इलेक्ट्रिक ११० ग्रॅमच्या आसपास, लिटरला १६ देणारी पेट्रोल गाडी १४५. दुपारी सोसायटीच्या सोलरवर चार्ज केली तर उत्तमच. ठाणे-वाशी लोकलशी मात्र यातली कोणतीच गाडी स्पर्धा करू शकत नाही.

वीस किलोवॅटला किती जागा, किती पॅनल, किती अनुदान?

५५० वॅटचे ३६ पॅनल. एक पॅनल सव्वादोन मीटरपेक्षा थोडा लांब, एक मीटर तेरा सेंटिमीटर रुंद आणि २८ किलोच्या आसपास वजनाचा. पॅनलची जागाच ९३ चौरस मीटर. धुवायला जाण्याच्या वाटा आणि ओळींमधलं अंतर धरून १५० ते १७० चौरस मीटर मोकळी गच्ची लागते. वर्षाला २८,००० युनिट, म्हणजे वीस टन.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये केंद्रीय अनुदान आहे, म्हणजे इथे ३ लाख ६० हजार. बंगला किंवा रो-हाउसला पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००. त्याच्या वर कितीही लावलं तरी ७८,००० वरच थांबतं. अनुदानासाठी सेल आणि पॅनल दोन्ही भारतीय बनावटीचे असावे लागतात, आणि काम नोंदणीकृत वेंडरकडूनच करून घ्यावं लागतं. कोटेशनमध्ये ही अट लिहून घ्या. सर्वसाधारण सभेचा ठराव, कॉमन मीटरचं नाव आणि बँक खात्याचं नाव ही तीनही तंतोतंत जुळली पाहिजेत. ‘को-ऑप.’ आणि ‘सहकारी’ एवढ्या फरकावरही अर्ज अडकतो.

आमचा २८ मजली टॉवर आहे. गच्ची पुरेल?

सामाईक वापराचा मोठा हिस्सा भागेल, घरांचा नाही. मजल्यावर चार घरं म्हणजे ११२ घरं. घरटी महिन्याला २०० युनिट धरले तर वर्षाला २ लाख ६९ हजार युनिट. टाक्या, लिफ्टची मशीन रूम, अग्निशमनाची मोकळी जागा सोडून ३० किलोवॅट बसलं तर ४२,००० युनिट मिळतात. सोळा टक्के. उंच इमारतींच्या शहराची वीज त्याच शहराच्या छतांवर तयार होऊ शकत नाही, ती साक्रीच्या माळावरून आणि साताऱ्याच्या डोंगरावरूनच यावी लागणार.

ज्यांच्याकडे गच्चीच नाही त्यांच्यासाठी एक मार्ग आहे: राज्य वीज नियामक आयोगानं २०२१ मध्ये मंजूर केलेला हरित वीजदर. प्रतियुनिट थोडे जास्त पैसे भरून पूर्ण वापर नवीकरणीय विजेचा करता येतो. रबाळे-महाप्यातल्या उद्योगांना, शंभर किलोवॅटपासून पुढे, २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार खुल्या प्रवेशानं हरित वीज थेट विकत घेता येते.

डोंगराच्या सावलीचा किती फरक पडतो?

घोडबंदर रोडला येऊरच्या कुशीत असलेल्या इमारतींवरून सूर्य पश्चिमेला डोंगरामागे लवकर जातो. घणसोली-रबाळ्याला पूर्वेच्या पारसिक रांगेमुळे सकाळ उशिरा उजाडते. दोन्हीकडची ही वेळ तशीही कमी उत्पादनाची असते, त्यामुळे तोटा सहन होण्यासारखा असतो. घातक असते ती जवळची सावली: पाण्याची टाकी, डिश अँटेना, शेजारचा नवा टॉवर. एका पॅनलच्या कोपऱ्यावर दुपारी बाराला पडलेली सावली अख्ख्या ओळीचा प्रवाह ओढून खाली आणते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सावल्या सर्वांत लांब असताना, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला गच्चीचे फोटो काढा आणि मगच आराखडा मान्य करा.

आपलं अक्षांश १९ अंश, म्हणून दक्षिणेकडे १५ ते १८ अंशांचा कल पुरतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. तीव्र कल दिला तर त्या काळात उत्पादन जातं आणि वाराही जास्त लागतो. स्टँडचं गणित वाऱ्याच्या ताशी नव्हे, सेकंदाला ४४ मीटर या मूळ वेगावर केलेलं असावं. मुंबई परिसराला भारतीय मानकात हाच वेग धरलेला आहे.

कार्बनची बचत कागदावर असते, पण प्रत्यक्षात कुठे गळते?

धुळीत, क्षारात आणि बंद पडलेल्या इन्व्हर्टरमध्ये. या तीन ठिकाणी लक्ष ठेवलं तर बाकीचं निभावतं.

बांधकामाची बारीक धूळ दवात भिजून पॅनलवर सिमेंटसारखी बसते. ऑक्टोबर ते मे दर दहा ते पंधरा दिवसांनी धुवा, सूर्य चढण्याआधी, मऊ ब्रश आणि पालिकेच्या पाण्यानं. बोअरचं पाणी वाळलं की पांढरा थर राहतो आणि तो पुढे निघत नाही. तापलेल्या काचेवर थंड पाणी मारू नका, तडा जातो. पावसाळ्यात धुवायची गरज नाही, पण फ्रेमच्या खालच्या कडेला शेवाळ धरतं, ते ऑगस्टमध्ये एकदा काढा.

वाशी, ऐरोली, कोपरी अशा खाडीलगतच्या भागात खारा वारा लोखंड खातो. स्टँड गरम जस्तलेपनाचा, ८० मायक्रॉनचा हवा, आणि नटबोल्ट स्टेनलेस ३०४ चे. जागेवर वेल्डिंग करून चंदेरी रंग मारलेला सांधा दुसऱ्याच पावसाळ्यात तांबडा होतो. पॅनलला खाऱ्या हवेच्या चाचणीचं प्रमाणपत्र मागा.

जुलैत इन्व्हर्टर सकाळी उशिरा चालू होत असेल आणि पडद्यावर आयसोलेशनचा दोष (वीज जमिनीकडे गळत असल्याची सूचना) दाखवत असेल, तर बहुतेकदा एखादा कनेक्टर पाण्यात लोळतोय. दोन वेगळ्या कंपन्यांचे एमसी-४ कनेक्टर (पॅनलच्या केबल जोडणारे) एकमेकांत बसतात, पण नीट घट्ट होत नाहीत. तिथे पाणी शिरतं, सांधा तापतो आणि वितळतो. केबल कोब्यावरून उचलून बांधा. रविवारी दुपारीच उत्पादन बंद पडत असेल तर कारण वेगळं: मागणी कमी, आजूबाजूला सोलर जास्त, फेजचा दाब २५३ व्होल्टच्या वर जातो आणि इन्व्हर्टर नियमाप्रमाणे बाजूला होतो. तारखेनिशी नोंद करून दाब खाली आणण्यासाठी वीज कंपनीला ट्रान्सफॉर्मरचा टॅप बदलण्याचा अर्ज द्या.

लाइट गेल्यावर सोलर चालेल? बॅटरी घ्यावी का?

साधा ग्रिडवरचा इन्व्हर्टर लाइट जाताच बंद होतो, आणि तसंच व्हायला हवं. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा जीव त्यावर अवलंबून असतो. बॅटरी सोयीसाठी घ्या, कार्बनसाठी नको. लिथियम बॅटरीत दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाटेत जाते, लेड-ॲसिडमध्ये वीस ते पंचवीस. तीच वीज दुपारी ग्रिडला दिली तर शेजाऱ्याचा कोळसा पूर्ण वाचतो. अपवाद डिझेल जनरेटरचा. तो युनिटमागे ०.३ लिटरच्या वर डिझेल पितो, म्हणजे ०.८ किलोपेक्षा जास्त कार्बन, आणि तोही तुमच्या खिडकीखाली. जनरेटर चालू असताना सोलरही चालवायचं असेल तर मधे नियंत्रक बसवा. नाहीतर भार तीस टक्क्यांखाली जाऊन इंजिनात काजळी धरते किंवा वीज उलटी जनरेटरमध्ये शिरते.

पाच-सात वर्षांत इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार आहे. तरी बसवावं का?

कार्बनच्या बाजूनं पाहिलं तर हो, बोजा दीड वर्षात फिटतो. पण गच्चीत भोकं पाडून अँकर ठोकू नका. काँक्रीटच्या ठोकळ्यांवर वजनानं बसणारा स्टँड घ्या, म्हणजे नट उघडून सगळं दुसरीकडे नेता येतं आणि वॉटरप्रूफिंगही वाचतं. त्याआधी स्ट्रक्चरल ऑडिट बघा. तीस वर्षांवरच्या इमारतीला ते दर तीन वर्षांनी करावंच लागतं. ठोकळ्यांचं वजन स्लॅब पेलेल का, हे त्याच अभियंत्याकडून लेखी घ्या. विकासकाशी होणाऱ्या करारात पॅनल उतरवणं, ठेवणं आणि नव्या इमारतीवर चढवणं ही जबाबदारी स्वतंत्र कलमात लिहा.

पंचवीस वर्षांनी जुन्या पॅनलचं काय?

२०२२ च्या ई-कचरा नियमांत सोलर पॅनल आलेले आहेत, त्यामुळे ते भंगारवाल्याला देता येत नाहीत. पॅनलमध्ये वजनानं सर्वांत जास्त काच, मग ॲल्युमिनियम. दोन्ही परत वापरात येतात. सोल्डरमधलं शिसं आणि मागची प्लास्टिकची शीट नीट हाताळावी लागते. वादळात फुटलेला पॅनलही याच नियमात मोडतो. बसवतानाच प्रत्येक पॅनलच्या मागच्या सिरियल नंबरचा फोटो काढून, वॉरंटी कार्ड आणि बिलासोबत सोसायटीच्या फायलीत ठेवा. पॅनल एकदा स्टँडवर चढले की मधल्या ओळीतले नंबर वाचायला पुन्हा स्टँड उघडावा लागतो.